नकारानंतर काय?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या छंदांविषयी चार शब्द बोलावेत असे संस्थेने आम्हाला कळविले. आम्ही बँकेत कारकून. शिक्षण कला शाखेची पदवी. ज्या विषयांवर आज बोलणार, त्यांपैकी एकाही विषयाचे आम्ही प्राध्यापक नाही. संध्याकाळी कामे आटोपली की आम्ही चार-पाच मित्र एकत्र बसतो. त्यांत एक शिक्षक आहेत, एक एस.टी.त वाहक आहेत, एक शिवणकाम करतात आणि एक भजनी मंडळात ढोलकी वाजवीत वाढलेले आहेत. तत्त्वज्ञान, नास्तिकता, विश्वाची रचना आणि संगीत हे आमच्या बैठकीचे चार विषय. म्हणून आज "आम्ही" म्हणतो ते या सर्वांच्या वतीने.

लोक विचारतात, या लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजता? ताऱ्यांचे अंतर कळून पगार वाढतो काय? हार्मोनियम वाजवून मुलाला नोकरी लागते काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच आम्ही उभे आहोत. पण त्याआधी आमचाही एक प्रश्न आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्यानंतर गावोगावी आपल्या वाडवडिलांनी देव्हारे रिकामे केले. कोणी देव नदीत सोडले, कोणी विहिरीत टाकले. ज्यांच्या हातात पाटी-पेन्सिलही आली नव्हती, त्यांनी हे धाडस केले. याला मोठे काळीज लागते. आमचा प्रश्न एवढाच की त्या रिकाम्या देव्हाऱ्यात पुढे आपण काय ठेवले? तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवली, हे खरे. पण डोक्यातल्या रिकाम्या जागेत काय ठेवले? रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. आपण काही ठेवले नाही तर दुसरा कोणीतरी येऊन ठेवतो.

बँकेच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या माणसाला पैसा कोठे जातो हे थोडेफार दिसते. कोणी ठेव मुदतीआधी मोडतो, कोणी पत्नीचे सोने तारण ठेवतो. सहज विचारले तर कळते की घराची दिशा चुकली म्हणून भिंत पाडायची आहे, मुलाच्या नोकरीसाठी ग्रहांची शांती करायची आहे, कोणा बाबांनी अंगठीतला खडा सांगितला आहे. यांत आपल्या वस्तीतले लोकही असतात. घरात त्रिसरण-पंचशील होते आणि बोटात शनीचा खडाही असतो. देव गेला आणि त्याच्या जागी बाबा आला, तर छप्पन्न सालच्या त्या धाडसाचे चीज काय झाले?

म्हणून आमचे म्हणणे असे आहे, की नकार ही सुरुवात आहे. नकारानंतर माणसाला विचार करायची सवय, पाहायला आकाश आणि गायला गाणे लागते. ते नसेल तर नकार टिकत नाही.

आता एकेक विषय घेऊ. प्रथम तत्त्वज्ञान.

"नास्तिक" हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. पण भारतीय दर्शनांच्या परंपरेत त्याचा मुख्य अर्थ वेगळा आहे. जो वेदांचे प्रामाण्य मानीत नाही तो नास्तिक. या हिशेबाने चार्वाक, जैन आणि बौद्ध ही तीन दर्शने नास्तिक ठरली. उलट मूळचे सांख्य दर्शन जग घडविणाऱ्या ईश्वरावाचून जगाची उपपत्ती लावते, पूर्वमीमांसेलाही जगत्कर्त्याची गरज भासत नाही, तरी ती दोन्ही आस्तिक गणली गेली. म्हणजे भांडण देव आहे की नाही यापेक्षा कोणाचा शब्द अंतिम मानायचा यावर होते. विद्यार्थी मित्रांनो, हे नीट ध्यानात घ्या. कोणाचाही शब्द केवळ तो त्याचा शब्द आहे म्हणून अंतिम मानायचा नाही, ही नास्तिकतेची खरी जात आहे. कालामांना तथागतांनी हेच सांगितले, की परंपरा आहे, ग्रंथात आहे, किंवा हा आपला गुरू आहे एवढ्यावरून एखादी गोष्ट स्वीकारू नका.

ही कसोटी आपण आपल्यालाही लावली पाहिजे. उदाहरण आपल्या उंबऱ्यावरचे आहे. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर बालाघाटच्या डोंगरात धाराशिव लेणी आहेत. ती मुळात बौद्ध की जैन, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्याला ती बौद्ध असावीत असे वाटते, हे स्वाभाविक आहे. परंतु वाटणे हा पुरावा नव्हे. तिकडे तेरला जा. प्राचीन तगर ते हेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा पैठणसोबत मोठी बाजारपेठ म्हणून उल्लेख आहे. तेथील त्रिविक्रम मंदिर विटांचे असून त्याची मागची बाजू अर्धगोल, म्हणजे चैत्यगृहासारखी आहे. त्या बांधणीवरून ते मुळात बौद्ध चैत्य असावे असे अनेक अभ्यासक मानतात. येथे आपल्या हाती विटा आहेत, नकाशा आहे, तुलना आहे. पुरावा असेल तेथे ठामपणे बोलावे, नसेल तेथे प्रश्न उघडा ठेवावा. तत्त्वज्ञान म्हणजे तरी दुसरे काय!

दुसरा विषय नास्तिकता. येथे आम्हाला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. तेव्हा आम्ही शाळेत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, लोक दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातील सास्तूर व आसपासची गावे क्षणात मातीखाली गेली. सुमारे आठ ते दहा हजार माणसे मेली. त्या दिवसांत ओट्यावर, पारावर आम्ही मोठ्या माणसांचे बोलणे ऐकले. पाप वाढले, देव कोपला, कोठेतरी काही चुकले.

पुढे आम्ही याविषयी वाचले. भारताचा भूखंड वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकतो आणि आशियाच्या भूखंडाला रेटतो. त्या रेट्याचा ताण दख्खनच्या खडकांतही साठतो आणि जुन्या भेगांपाशी कधीतरी मोकळा होतो. त्याआधी हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविला जात असे. धक्का सहा रिश्टरच्या थोडा वरचा, पण जमिनीखाली फार खोल नव्हता. आणि घरे कशी होती? दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी माळवद आणि त्यावर मातीचा जड थर. उन्हाळ्यात गार राहणारे तेच घर त्या पहाटे अंगावर कोसळले. तेव्हा देव कोपला म्हणणारा पुन्हा तसेच घर बांधील आणि नवस करील. कारण शोधणारा भिंतीत कोपऱ्यांना जोड देईल, छप्पर हलके करील. पुढच्या धक्क्याला कोणाची मुले वाचतील? नास्तिकता हा वादविवादाचा खेळ नाही हे आम्ही येथे शिकलो.

मात्र एक सावधगिरी हवी. ज्या आईचे मूल ढिगाऱ्याखाली गेले, तिच्यापुढे उभे राहून "देव नाही" असे व्याख्यान देणारा माणूस आमच्या मते शहाणा नव्हे. किसा गोतमी मेलेले मूल घेऊन आली तेव्हा तथागतांनी तिच्याशी वाद घातला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण म्हणाले, आणि ती घरोघर फिरून स्वतःच समजली. त्याहून वाईट तो माणूस, जो मेलेल्या तान्ह्या बाळाचे पूर्वजन्मीचे कर्म काढतो. असे बोलणारे आपल्यातही भेटतात. पण संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाशी झालेला संवाद आहे. माणूस भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, हे मत तथागतांनी तेथे नाकारले आहे. पित्त, कफ, वात, ऋतूचा पालट, अपघात अशीही कारणे असतात, असे ते सांगतात. बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त स्वीकारला नाही. कारण उघड आहे. तो सिद्धान्त मान्य केला, तर अस्पृश्यता हेही आपलेच पूर्वकर्म ठरते!

तिसरा विषय आकाश. आपल्या जिल्ह्यात पाऊस कमी. त्याचे दुःख मोठे आहे, पण आकाश पुष्कळ रात्री स्वच्छ मिळते. गावाच्या दिव्यांपासून दोन-तीन मैल दूर माळावर गेले की आकाशगंगेचा पट्टा साध्या डोळ्यांनी दिसतो. आमच्या वडीलधाऱ्यांना नक्षत्रांची नावे पेरणीमुळे ठाऊक. "मृग लागला" म्हणजे ७-८ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात आला. परंतु सूर्य तेथे असल्यामुळे जूनमध्ये मृग दिसतच नाही. तो पाहायचा तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री. ही एवढी गोष्ट समजली तेव्हा आम्हाला जो आनंद झाला, तो बढतीच्या पत्राने झाला नसता. त्याच दिवसांत रात्र पडताच देवयानी नक्षत्रात एक पुसट डाग दिसतो. ती दुसरी दीर्घिका आहे. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे पंचवीस लाख वर्षे लागतात. तो निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता. मग देव, जात, शिवाशिव कोठून असणार?

आकाशाची ही ओढ मराठी वाचकाला लावली ती डॉ. जयंत नारळीकरांनी. कोल्हापूरला १९३८ साली जन्मलेला हा शास्त्रज्ञ २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तला. केंब्रिजला नाव मिळवून ते भारतात परतले, पुण्यात १९८८ साली आयुका ही संस्था उभी केली आणि मराठीत सोप्या भाषेत लिहीत राहिले. त्यांच्या दोन गोष्टी आम्हाला मोलाच्या वाटतात.

पहिली ज्योतिषाची परीक्षा. त्यांनी सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासमवेत हुशार मुले व मतिमंद मुले यांच्या दोनशे जन्मपत्रिका जमविल्या. त्यांतल्या प्रत्येकी चाळीस पत्रिका ज्योतिष्यांना देऊन विचारले, यांतली हुशार मुलाची कोणती व मतिमंद मुलाची कोणती ते सांगा. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण निघाले ४६ टक्के. नाणे उडवून छापा-काटा केला असता तर पन्नास टक्के आले असते! यात कोणाला शिवीगाळ नाही, मोर्चा नाही, फक्त मोजमाप आहे. या चौघांपैकी दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून ठार मारले. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. प्रश्न विचारण्याची किंमत किती पडू शकते, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

दुसरी गोष्ट महास्फोटाची. विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी अतिशय दाट व तप्त अवस्थेतून प्रसरण पावू लागले, असे आज बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात. नारळीकर शेवटपर्यंत मानत नव्हते. फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी वेगळा पक्ष मांडला. १९६५ पासून पुरावा बहुतांशी दुसऱ्या बाजूला झुकत गेला, तरी ते गणिताने आणि निरीक्षणाने आपले म्हणणे मांडीत राहिले. बहुमत विरोधात असतानाही पुराव्याची भाषा न सोडणे, हे आपल्या सभा-संमेलनांतून शिकायला हवे.

येथे आम्हाला आपल्या काही वक्त्यांशी मतभेद नोंदवायचा आहे. विमान आमच्या पुराणात होते असे कोणी म्हणाले की आपण हसतो. पण अडीच हजार वर्षांपूर्वी बुद्धाने महास्फोट सांगितला, असे आपल्या व्यासपीठावरून कोणी म्हणाले की टाळ्या वाजवितो! महास्फोटाची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे स्वतः ख्रिस्ती धर्मगुरू होते. १९५१ साली पोपनी त्या सिद्धान्तात सृष्टीनिर्मितीचा दाखला पाहिला, तेव्हा लमेत्र यांनाच ती सरमिसळ रुचली नाही. आपण निदान तेवढे तरी प्रामाणिक राहू. जग शाश्वत आहे की अशाश्वत, अनंत आहे की सान्त, असे मालुंक्यपुत्ताने विचारले तेव्हा तथागतांनी उत्तर दिले नाही. विषारी बाण लागलेल्या माणसाने आधी बाण काढावा, तो कोणी मारला याची चौकशी करीत बसू नये, असा दृष्टान्त दिला. मग कोणी म्हणेल, तुम्ही आकाश कशाला पाहता? आमचे उत्तर असे की दुःखनिवृत्तीसाठी विश्वाचा आरंभ ठाऊक असण्याची अट नाही, एवढेच तेथे सांगितले आहे. पाहण्यास मनाई नाही. शिवाय आज आपल्या माणसांना लागलेला एक बाण ग्रह-ताऱ्यांच्या भीतीचाच आहे, आणि तो काढायला दुर्बीण उपयोगी पडते. शनीची कडी एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला साडेसातीचे भय घालणे अवघड जाते.

चौथा आणि शेवटचा विषय संगीत. आमच्या बैठकीत ढोलकी वाजविणाऱ्या मित्रामुळे तो आला आणि मग सर्वांचाच झाला. एकतारीची तार निम्म्यावर दाबून छेडली तर वरचा सा मिळतो, दोनतृतीयांश तार मोकळी ठेवली तर पंचम मिळतो. घरी करून पाहा. गणिताला घाबरणाऱ्या मुलाला अपूर्णांक असा ऐकू आला पाहिजे.

आणि आकाशाचा संगीताशी संबंध जोडणारी घटना आपल्याच काळात घडली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपल्या. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. त्या लहरींची कंपने सेकंदाला ३५ पासून २५० पर्यंत चढत गेली. ती ध्वनीत रूपांतरित केली तर कानाला ऐकू येतात. हार्मोनियमची मधली पांढरी एक सेकंदाला सुमारे २६१ कंपनांची, म्हणजे ती चढण जवळजवळ तेथवर येऊन थांबली! तशीच वेधशाळा आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. तेथे झाडू मारणारे आपल्यातले असतील, पहारेकरीही असतील. गणित करणारे असतील काय, हे समोर बसलेल्या मुलामुलींनी ठरवायचे आहे.

पालि वाङ्मयात वीणेच्या दोन गोष्टी आहेत. सोण नावाच्या भिक्खूने साधनेचा अतिरेक करून पाय रक्तबंबाळ केले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर सूर लागतो काय, असे तथागतांनी त्याला विचारले. दुसरी गोष्ट एका राजाची. वीणेचा आवाज ऐकून तो म्हणाला, वीणा नको, तो आवाज मला आणून द्या. मग त्याने वीणा फोडली, तुकडे केले, जाळली. आवाज सापडला नाही. लाकूड, कातडे, तारा आणि वाजविणाऱ्याचे श्रम एकत्र आले म्हणून तो निर्माण झाला होता. अनात्मवाद समजावून सांगायला आम्हाला याहून चांगली गोष्ट सापडली नाही. समाजाचेही तसेच आहे. एकेक माणूस सुटा करून पाहिले तर त्यात चळवळ सापडत नाही.

बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात, एवढ्या कामाच्या रगाड्यात, व्हायोलिन शिकण्यास सुरुवात केली. त्यांना कोणती नोकरी मिळवायची होती? नाशिकच्या भीमराव कर्डकांनी जलसे काढले आणि जे भाषणातून पोहोचत नव्हते ते गाण्यातून पोहोचविले. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) मोठेपणी अक्षरे शिकले आणि गावोगाव फिरून हजारो गाणी दिली. आज १४ एप्रिलला ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात, छातीत धडधडते, आजारी म्हातारी माणसे कानात बोटे घालतात, आणि गाण्याचा शब्द एकालाही ऐकू येत नाही. या खर्चात किती मुलांना हार्मोनियम-तबला शिकविता आला असता, याचा हिशेब कारकून म्हणून आम्ही सहज करून देऊ.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. याने पगार वाढतो काय? नाही. पण ठेव मोडून खडा घेणाऱ्याच्या घरात वर्षातून एकदा दुर्बीण आली, तर ती ठेव वाचते. स्पर्धा परीक्षेत अपयश आलेल्या मुलाला "तुझे ग्रह वाईट" म्हणणाऱ्याऐवजी कारण शोधायला शिकविणारा मित्र मिळाला, तर तो मुलगा वाचतो. १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब आज आपल्या जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. ज्यांच्या पूर्वजांना गावकीची कामे वाटून दिली होती, त्यांनी ताऱ्यांची अंतरे मोजावीत, हे केवढे अंतर तोडले आपण! ते अर्ध्यावर सोडू नये.

संस्थेला आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, महिन्यातून एकदा अमावास्येच्या जवळच्या रात्री मुलांना माळावर न्यावे. आकाश पाहायला तीच रात्र उत्तम, आणि अमावास्येचे भयही आपोआप जाईल. दुसरी, वर्षातून एकदा तेरचे पुराणवस्तू संग्रहालय व धाराशिव लेणी यांची सहल काढावी आणि परतल्यावर मुलांनी काय पाहिले ते लिहावे. तिसरी, विहारात एक हार्मोनियम, एक तबल्याची जोडी आणि पुस्तकांचे एक कपाट असावे, व त्या कपाटाला कुलूप नसावे. आमच्या मित्रमंडळातर्फे शिकविण्यासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी देण्यास आम्ही तयार आहोत.



नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!